कागलचा कंटेनर, अमेरिकेतली तपासणी आणि एईओ टी-टू: एका फाउंड्रीची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतली एक फाउंड्री. कंपनीचं नाव, माणसं, गिऱ्हाईक सगळं झाकलंय, एकदोन तपशील मुद्दाम बदललेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. मी यात बाहेरचा माणूस, एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि कम्प्लायन्स बघणारा. २०२२ ते २०२४ या काळातली गोष्ट आहे.

फाउंड्री घरची. थोरले मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी शिरोलीत छोट्या भट्टीवर सुरू केलेली, मग कागलला मोठं युनिट झालं, आता मुलगा बघतो. ट्रॅक्टर आणि पंपाची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला जातात, महिन्याला चारपाच कंटेनर. कंटेनर न्हावा शेव्याहून रिकामा येतो, फॅक्टरीतच भरला जातो, बोल्ट सील लागतं आणि ट्रेलर जवळपास चारशे किलोमीटर परत बंदरावर. कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा, पनवेल. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता थोडं जगाचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं ठरवलं की कंटेनर आपल्या बंदरात आल्यावर उघडून बघण्यात अर्थ नाही, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सी-टीपॅट आलं, म्हणजे आयातदारानं आपली पूर्ण सप्लाय चेन सुरक्षित ठेवायची आणि बदल्यात कस्टम्सनं त्याचा माल कमी अडवायचा. पुढं माल बोटीवर चढायच्या २४ तास आधी माहिती देण्याचा नियम आला. मग ब्रसेल्सच्या जागतिक कस्टम्स संघटनेनं जून २००५ मध्ये सेफ फ्रेमवर्क मंजूर केलं आणि हीच कल्पना सगळ्या देशांसाठी मांडली: कस्टम्सनं एकमेकांना माहिती द्यायची, आणि विश्वासू व्यापाऱ्याला ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर, म्हणजे एईओ, असा दर्जा द्यायचा. दोन देशांनी एकमेकांचा दर्जा मान्य केला की त्याला एमआरए म्हणतात. आपल्याकडे एईओ २०११ ला पायलट म्हणून आलं, पण खरं रूप जुलै २०१६ च्या सर्क्युलरनं मिळालं, टी-वन, टी-टू, टी-थ्री असे तीन मजले आणि लॉजिस्टिक्सवाल्यांसाठी वेगळा एलओ. डब्ल्यूटीओच्या ट्रेड फॅसिलिटेशन करारातही, जो फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला, असल्या विश्वासू व्यापाऱ्यांना सवलती द्यायचं कलम आहे. भारत-अमेरिका एमआरएवर सही झाली सप्टेंबर २०२१ मध्ये.

साध्या भाषेत, अमेरिकेची बॉर्डर आता कागलच्या गेटपासून सुरू होते. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पासपोर्ट काढू व्हय गेटवरच्या वॉचमनचा?"

अडचण

२०२२ च्या पावसाळ्यात एक कंटेनर अमेरिकेत अडकला. आधी एक्स-रे, मग इंटेन्सिव्ह एक्झाम, म्हणजे कंटेनर बंदराबाहेरच्या तपासणी केंद्रात नेऊन पूर्ण रिकामा करून बघायचा. माल निघाला स्वच्छ, पण दहाबारा दिवस गेले आणि त्या केंद्राचं भाडं, मजुरी, ट्रकचा फेरा असं सगळं बिल आयातदाराच्या डोक्यावर. तिकडची कस्टम्स तपासते पण खर्च व्यापाऱ्याचा, आणि का उघडला हे सांगत नाहीत. गिऱ्हाइकानं अर्धी रक्कम डेबिट नोटनं आपल्याकडे सरकवली. छोटे मालक चिडले, पण रक्कम त्या ऑर्डरच्या मानानं किरकोळ होती, सोडून दिली असती.

खरी अडचण त्याच्या मागोमाग आलेल्या मेलची होती. गिऱ्हाईक स्वतः सी-टीपॅटचं मेंबर, त्यांच्या कम्प्लायन्सच्या बाईंनी आठ पानी प्रश्नावली पाठवली. सील कोण ठेवतं, कंटेनर भरायच्या आधी कोण तपासतं, ट्रक वाटेत कुठं थांबतो, कंत्राटी कामगारांची ओळख कशी पडताळता, कॉम्प्युटरचे पासवर्ड किती दिवसांनी बदलता. शेवटी एक ओळ: तुमच्या देशाच्या मान्य एईओ प्रोग्रॅमचा दर्जा असेल तर कळवा, नसेल तर सहा महिन्यांत सुधारणेचा प्लॅन द्या. धमकी नव्हती, पण त्या बाईंच्या यादीत आपला शेरा पिवळा होता आणि त्याच यादीत व्हिएतनामचा एक सप्लायर हिरवा होता हे छोट्या मालकांना दुसरीकडून कळलं होतं.

ती प्रश्नावली पहिल्यांदा डिस्पॅचच्या क्लार्कनं भरली होती. सगळीकडे "होय". मी वाचली तेव्हा पोटात गोळा आला. "ट्रक वाटेत थांबत नाही: होय." चारशे किलोमीटर, लोड वीस टनाच्या वर, दोन घाट, आणि ट्रक थांबत नाही!

पर्याय कुठले होते

पहिला पर्याय कुणीतरी फोनवर विकत होता. एक एजन्सी, दीड लाखात "सी-टीपॅट सर्टिफिकेट", तीन आठवड्यात, फ्रेम करून. अण्णांना हे पटलं होतं कारण आयएसओचं सर्टिफिकेटही ऑफिसात फ्रेममध्येच आहे. इथं मी आडवा पडलो. सी-टीपॅटचं मेंबरशिप भारतातल्या कारखान्याला थेट मिळतच नाही, परदेशी उत्पादकांमध्ये ते मेक्सिको आणि कॅनडासाठी उघडं आहे. आपल्याकडे एजन्सी जे देतात तो त्यांनी केलेल्या ऑडिटचा रिपोर्ट असतो. रिपोर्ट वाईट नसतो, काही गिऱ्हाइकं तो मागतातही, पण त्याला सरकारी दर्जा समजून पैसे मोजणं म्हणजे लग्नपत्रिका छापून लग्न झालं म्हणण्यासारखं.

दुसरा पर्याय, फॅक्टरीत भरणं बंद करायचं. माल सुटा ट्रकनं न्हावा शेव्याला पाठवायचा आणि तिथल्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामात, कंटेनर भरायचा, म्हणजे सील वगैरे त्यांची जबाबदारी. ट्रान्सपोर्टरला हे आवडलं. पण कास्टिंग दोनदा हाताळलं की पेंट खरवडतो, पॅलेट मोडतात, आणि खरं म्हणजे जबाबदारी जाते असं वाटतं तेवढंच, तिथं कोण भरतंय हे आपल्याला अजिबात दिसत नाही. प्रश्नावलीत उत्तर आणखीच अवघड झालं असतं.

तिसरा, फक्त टी-वन काढायचं. कागदांवर होतं, कुणी कारखाना बघायला येत नाही. एमएसएमईसाठी डिसेंबर २०२० पासून अटी सैल झाल्यात: वर्षाला २५ ऐवजी १० कस्टम्स डॉक्युमेंट पुरतात, व्यवसायाची तीनऐवजी दोन वर्षं चालतात, आणि टी-वनचा निर्णय पंधरा वर्किंग दिवसांत द्यायचा असं ठरलंय. कंपनीची उद्यम नोंदणी होतीच.

चौथा, टी-टू. इथं टीम प्रत्यक्ष येऊन बघते, जागेची, माणसांची, ट्रान्सपोर्टरची, कॉम्प्युटरची सुरक्षा तपासते. आणि मुख्य मुद्दा असा की एमआरएचा फायदा, म्हणजे परदेशी कस्टम्सनं तुम्हाला विश्वासू मानणं, हा टी-टूपासून पुढंच आहे. टी-वनचा कागद अमेरिकेतल्या बाईंना पाठवून काही उपयोग नव्हता, आणि हे खूप एक्स्पोर्टरना माहीत नसतं.

निर्णय कशानं झाला म्हणाल तर सुरक्षेनं नाही. त्याच सुमारास कंपनी ईपीसीजीमध्ये, म्हणजे निर्यातीच्या अटीवर ड्यूटीशिवाय मशीन आणायच्या सरकारी योजनेत, एक मोल्डिंग मशीन आणत होती आणि बॉण्डबरोबर बँक गॅरंटी द्यायची होती. मी एका कागदावर लिहून दाखवलं की एमएसएमई टी-वन असेल तर इतरांना लागते त्याच्या २५ टक्केच गॅरंटी, टी-टू असेल तर १० टक्के. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हाय का." तिथून पुढं पैशाला अडवणूक झाली नाही. माझ्यासारख्यांनी हे लक्षात घ्यावं, की सिक्युरिटी म्हणून विकायला गेलात तर मालक जांभई देतो.

ठरलं ते असं: आधी टी-वन, लगेच त्यामागून टी-टू, आणि गिऱ्हाइकाला जुनी प्रश्नावली चुकीची होती असं कळवून नवी खरी भरून द्यायची. या शेवटच्या गोष्टीवर तासभर वाद झाला. छोटे मालक म्हणत होते की आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला. माझं म्हणणं होतं की सहा महिन्यांनी त्यांचा माणूस बघायला आला तर तेव्हा काय करणार. शेवटी मेल गेला. बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं, धन्यवाद आणि तारखा द्या.

काय काय केलं

टी-वन फारसं लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षांचे ताळेबंद, सॉल्व्हन्सीचं सीएचं पत्र, फसवणुकीची शो-कॉज नोटीस नाही याचं डिक्लरेशन, प्रोसेस मॅप, साइट प्लॅन. एकदा कमतरता निघाली, दुरुस्त करून दिली, महिन्याभरात झालं.

टी-टूला मात्र घाम फुटला.

सुरुवात गेटपासून केली. सीसीटीव्ही होते, अकरा कॅमेरे, पण डिस्पॅच यार्डात एकच, आणि त्याचं तोंड कँटीनकडे. कधीतरी तिथून डबे चोरीला गेले होते म्हणून फिरवला होता, परत कुणी वळवलाच नाही. कंटेनरची सात ठिकाणची तपासणी, म्हणजे पुढची भिंत, दोन बाजू, फरशी, छत, दरवाजे आणि खालचा भाग, ही कागदावर रोज होत होती आणि प्रत्यक्षात कुणीही वाकून खाली बघत नव्हतं. पावसाळ्यात फरशीला लाल माती चिकटलेली असायची, ती तशीच माल भरून अमेरिकेला. आता सी-टीपॅटच्या नव्या निकषांत शेतीसुरक्षाही आहे, माती, किडे, बिया यांवर त्यांचा डोळा असतो, लाकडी पॅलेटवर हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो तो त्याच कारणानं. तो अडकलेला कंटेनर पावसाळ्यातलाच होता. कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून यार्डात प्रेशर वॉशरचा नळ बसला.

सीलचं प्रकरण जास्त गंभीर निघालं. २०१७ च्या शेवटापासून फॅक्टरीत स्वतः सील करणाऱ्यांना आरएफआयडीचं, म्हणजे यंत्रानं वाचता येणाऱ्या चिपचं, ई-सील लागतं, बंदरावर ते स्कॅन होतं, छेडछाड दिसली की कंटेनर तपासणीला. ही सीलं एका लोखंडी कपाटात, किल्ली मामांकडे. मामा म्हणजे डिस्पॅचचे जुने क्लार्क, वीस वर्षं नोकरी, सज्जन माणूस. आम्ही रजिस्टरशी सील जुळवली तर दोन नंबर गायब. मामांचा चेहरा पडला. एक बहुतेक लावताना वाकडं झालं म्हणून फेकलं, दुसरं त्यांना आठवेना.

इथं निर्णयाचा खरा क्षण होता. छोटे मालक म्हणाले रजिस्टरचं पान नवीन लिहू, अजून कुणी बघितलं नाहीये. खरं सांगतो, मलाही पाच मिनिटं तो मोह झाला. मग मी विचारलं, ते दुसरं सील उद्या कुठल्या भलत्या कंटेनरवर सापडलं तर? नंबर आपल्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात कोडवर, आहे. शेवटी घटना नोंदवली, व्हेंडरला लेखी कळवून दोन्ही नंबर बाद करून घेतले, मामांवर कारवाई नाही पण किल्ली दोघांकडे आणि सील द्यायच्या वेळी दोघांच्या सह्या असं ठरलं. सगळे कागद फाइलीत ठेवले, लपवले नाहीत. कपाटावर मामांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली: बघा, नंबर जुळवा, ओढा, पिळा. सील लावल्यावर करायच्या चार गोष्टी, अमेरिकेच्या निकषातल्याच, पण मामांच्या अक्षरात.

आता रस्ता. ट्रान्सपोर्टर कागलचाच, बारा ट्रेलरवाला, अण्णांचा शाळेतला मित्र. त्याला एईओ-एलओ वगैरे काही नाही. जीपीएस आहे म्हणाला, पण डेटा कधी कुणी बघितला नव्हता. मी तीन महिन्यांचा मागवला. निम्म्याहून जास्त फेऱ्यांत ट्रेलर साताऱ्याच्या अलीकडे एका गावात चारपाच तास उभा. पहिल्यांदा वाटलं काहीतरी भानगड आहे. निघालं असं की ड्रायव्हरचं घर तिथं आहे, तो जेवायला आणि झोपायला घरी जातो, भरलेला कंटेनर गावच्या पाराजवळ.

अण्णा म्हणाले, "घरीच जातोय न्हवं, चोरी करतोय का?" ट्रान्सपोर्टर म्हणाला काढून टाकतो, दुसरा बघतो. दोघांचंही मला पटलं नाही. ड्रायव्हरशी बोललो तेव्हा त्यानं साधं गणित सांगितलं: "सायब, गाडी भरून मिळती रात्री साडेआठ-नऊला. सकाळपासनं मी कागलातच उभा. मग झोपायचं कुठं? खंबाटकीत?"

म्हणजे मूळ दोष रस्त्यावर नव्हताच, पेंट शॉपमध्ये होता. कास्टिंग दुपारी रंगवायचे, वाळायला चारपाच तास, मग पॅलेट, मग भरणं. आदल्या दिवशी रंगवून ठेवलं तर सकाळी नऊला भरणं सुरू होऊन बाराला ट्रेलर बाहेर पडू शकतो, हे कुणाला सुचलं नव्हतं कारण डिस्पॅच आणि पेंट शॉप एकमेकांशी बोलतच नव्हते. हे बदलायला तीन आठवडे गेले, एक वाढीव शेड लागली. त्याबरोबर ट्रान्सपोर्टरशी लेखी करार केला, थांबायच्या दोन ठरलेल्या जागा, दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याचे पेट्रोल पंप, थांब्यावर सीलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त अनोळखी थांबा दिसला तर ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसातून फोन. पुण्याच्या मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे जायचा पर्याय होता, भाडं जास्त आणि त्यांचेही ड्रायव्हर सबकॉन्ट्रॅक्टचे, म्हणून सोडला. ड्रायव्हर तोच राहिला. आता तो दुपारी घरासमोरून जाताना हॉर्न वाजवतो म्हणे.

बाकी गोष्टी भराभर: फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, कंत्राटी कामगारांची ओळखपत्रं आणि पोलीस व्हेरिफिकेशन, माजी कामगारांचे लॉगिन बंद करणं (एक माणूस नोकरी सोडून चार वर्षं झाली होती आणि त्याच्या नावानं अजून इन्व्हॉइस बनत होते, पासवर्ड सगळ्यांना पाठ), व्हिजिटर पास, कंपाउंडचा पडलेला कोपरा.

व्हेरिफिकेशनच्या दिवशी अधिकारी दोन तास ऑफिसात आणि तीन तास यार्डात. त्यांनी फाइल उलटून बरोबर ती दोन सीलांची नोंद काढली. खोलीत शांतता. एकानं विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? मामांनीच उत्तर दिलं, मराठीत, सगळं, स्वतःची चूक धरून. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि जीपीएसवर प्रश्न सुरू केले. वाकून कंटेनरच्या खालीही बघितलं, आणि आमच्या माणसाला बघायला लावलं.

त्यानंतर शंका, उत्तरं, परत शंका. एमएसएमईला टी-टू तीन महिन्यांत द्यायचं असं आहे, आमचं लांबलं, आणि उशीर निम्मा आमच्याच कागदांमुळे होता. २०२३ च्या शेवटी सर्टिफिकेट आलं.

निकाल, आणि एक राहिलेली भानगड

सर्टिफिकेट अमेरिकेला पाठवलं. बाईंनी अभिनंदन केलं आणि विचारलं, तुमचा एमआयडी कोणता? कुणालाच माहीत नाही. अमेरिकेत उत्पादकाला एक कोड असतो, तो कुणी देत नाही, इन्व्हॉइसवरच्या नावपत्त्यावरून तिकडचा कस्टम्सचा ब्रोकर बनवतो: देशाची दोन अक्षरं, नावाच्या पहिल्या दोन शब्दांची तीनतीन अक्षरं, पत्त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याचे चार अंकांपर्यंत, आणि गावाची तीन अक्षरं. आता आमच्या इन्व्हॉइसवर कधी शाहूपुरीतल्या रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, कधी कागलचा प्लॉट, कधी जुन्या मशीनशॉपचा गट नंबर. म्हणजे एकाच फाउंड्रीचे तीन कोड, दोन केओएलवर संपणारे आणि एक केएजीवर. कॉम्प्युटरच्या नजरेत तीन वेगळे कारखाने, त्यातला एक ओळखीचा आणि दोन कोण कुठले काय माहीत. विश्वासाची गणना जर या कोडवरून होत असेल तर आम्ही दोन वर्षं घाम गाळून कमावलेला विश्वास दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर जात होता.

हे दुरुस्त करायला एक मेल, एक नवीन इन्व्हॉइस टेम्प्लेट आणि ब्रोकरबरोबर दोन कॉल लागले. एवढंच. मला अजून राग येतो स्वतःचा.

फायदे काय दिसले ते प्रामाणिकपणे सांगतो. बँक गॅरंटीचे पैसे मोकळे झाले, हा रोकडा फायदा. बंदरावर फॅक्टरी सीलचा कंटेनर थेट आत जायला लागला, सीएफएसचा फेरा आणि खर्च वाचला, ट्रेलरचा वेळ वाचला. गिऱ्हाइकाच्या यादीत शेरा हिरवा झाला आणि २०२४ मध्ये एक नवीन पार्ट नंबर मिळाला, तो यामुळंच मिळाला असं छोटे मालक म्हणतात, मी म्हणणार नाही. अमेरिकेत त्यानंतर एकदा एक्स-रे झाला, इंटेन्सिव्ह एक्झाम नाही. पण महिन्याला चारपाच कंटेनरवरून तपासणी कमी झाली की नाही हे कुणीही सांगू शकत नाही, आणि जो कन्सल्टंट टक्केवारी सांगतो त्याला विचारा किती कंटेनर मोजलेस. एईओ असलं तरी रँडम तपासणी होतेच. आणि हो, लोक मला विचारतात म्हणून सांगतो, एईओमुळं टॅरिफ कमी होत नाही. तो विषय पूर्ण वेगळा, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आता करायचं झालं तर

एमआयडी पहिल्या दिवशी विचारला असता. किंबहुना अर्ज करण्याआधी तिकडच्या ब्रोकरला एक मेल टाकून, आमच्या नावानं कुठले कोड वापरता, एवढं विचारायचं आणि मग त्याच पत्त्यानं आयईसी, जीएसटी, एईओ, इन्व्हॉइस सगळं एकसारखं करायचं. आम्ही शेवटून सुरुवात केली.

टी-वन येईपर्यंत टी-टूची जमिनीवरची कामं थांबवली होती, ते चूक होतं. पेंट शॉपची शेड टी-वनच्या अर्जाच्याच आठवड्यात सुरू केली असती तर चार महिने वाचले असते. तेव्हा अण्णांना आधी एक कागद हातात दाखवायचा होता म्हणून तसं केलं, आणि ते कारणही खोटं नव्हतं. घरच्या कंपनीत पहिला कागद लवकर आला नाही तर दुसऱ्यासाठी पैसे सुटत नाहीत. तरी आज मी दोन्ही बरोबर सुरू करायचा हट्ट धरला असता.

जीपीएस डेटा बघण्याआधी ड्रायव्हरला विचारायला हवं होतं. आम्ही उलटं केलं, नकाशा बघून संशय घेतला, ट्रान्सपोर्टरनं त्याला तीन दिवस घरी बसवलं, मग खरं कळलं. त्या तीन दिवसांचे पैसे त्याला नंतर दिले, पण बोलताना तो अजून माझ्याकडे न बघता मामांकडे बघून बोलतो.

ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत मी अजून द्विधेत आहे. मैत्रीवर चाललेला माणूस करार पाळतो का, हे वर्षभरात दिसलं, पाळतो, पण त्याचे दुसरे ग्राहक हे काही मागत नाहीत, मग बारापैकी चारच ट्रेलरचे ड्रायव्हर शिकलेत, आणि सणाच्या दिवसात पाचवा ट्रेलर आला की सीलचा फोटो येत नाही. त्याला एईओ-एलओ काढायला लावावं असं छोट्या मालकांचं म्हणणं आहे, त्याचं म्हणणं आहे, "बारा गाड्यांसाठी एवढं कागदाचं कोण करत बसंल?" दोघंही बरोबर आहेत.

मामा पुढच्या मार्चला रिटायर होतायत. किल्ली घ्यायला दोन जण तयार केलेत, रजिस्टर कसं लिहायचं हे मामा स्वतः शिकवतायत, आणि दर वेळी त्या दोन सीलांची गोष्ट पहिल्यापासून सांगतात. शिरोलीतलं जुनं युनिट परत सुरू करून तिथूनही कंटेनर काढायचा विचार चाललाय, म्हणजे नवीन पत्ता, नवीन गेट, परत साइट प्लॅन. इन्व्हॉइसवर काय छापायचं आणि कोड कुठला बनेल, हा मेल मी ब्रोकरला काल रात्रीच टाकलाय, उत्तर अजून आलेलं नाही.